कुलपाचा रकाना

शनिवार, २२ फेब्रुवारी. वेळ दुपारी तीन. ठिकाण देवपूर, धुळे. कॉलेजच्या ग्रंथालयामागची खोली.

हजर: पहूरजवळच्या कॉलेजचे चौधरी सर. साक्रीकडच्या कॉलेजच्या देवरे मॅडम. देवपूरच्या याच कॉलेजचे दोन नवे प्राध्यापक. जळगावहून, विद्यापीठाच्या विस्तार विभागातर्फे, मी.

गैरहजर: आबा.

शेवटचं नाव मी सवयीनं लिहिलं. आबांना जाऊन तेव्हा महिना होऊन गेला होता. खोडायला पेन टेकवला, तर चौधरी सर म्हणाले, "राहू द्या मॅडम. गैरहजरांची यादी त्यांनीच सुरू केली. त्यांना तरी तिच्यातून कशाला काढता?"

ही यादी आबांची खोडच होती. बैठक कुठलीही असो, खुर्चीवर टेकायच्या आधी ते विचारायचे, "कोन नही, ते आधी सांगा." कोण आलं नाही, का आलं नाही आणि त्याला निरोप कोण देणार, एवढं ठरल्याशिवाय पहिला विषय निघत नसे. माझ्यासमोर हे पहिल्यांदा झालं तेव्हा मी विभागात नवी होते. विषयपत्रिका टाईप करून, प्रती लावून, वेळेचे तुकडे पाडून मी तयार बसले होते. आबांनी पाऊण तास न आलेल्यांवर घालवला. मी घड्याळाकडे पाहिलं, ते त्यांनी पाहिलं.

"मॅडम, जे आलेत त्यांना आपलं पटलेलंच आहे. काम उरलंय ते न आलेल्यांचं."

आबा देवपूरच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे आणि आठवड्यातले दोन दिवस समन्वयक म्हणून विद्यापीठात यायचे. धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतल्या कॉलेजांनी आपल्या विद्यार्थ्यांना आसपासच्या गावांच्या सार्वजनिक कामात उतरवायचं, म्हणजे ग्रामसभेला बसवायचं, मतदार नोंदणीला फिरवायचं, नळाचा नाहीतर रस्त्याचा अर्ज लिहायला लावायचं, आणि हे करताना कॉलेजांनी एकमेकांना धरून राहायचं, अशी ती योजना होती. कागदावर तिचं नाव दीड ओळीचं होतं. आबा तिला 'सोयरीक' म्हणत, आणि हळूहळू कुलसचिवांच्या टिपणीतही तोच शब्द येऊ लागला.

माणूस दिसायला साधा. उंच, खांद्यात थोडा वाकलेला, बाह्या कायम दोन घड्या वर. प्रवास एसटीनं. सत्काराचा त्यांना कंटाळा होता, पण नाही म्हणून ते यजमानांना ओशाळं करत नसत. श्रीफळ हातात पडलं की शिपायाला हाक मारून तिथंच फोडायला लावायचे, खोबरं सभेत फिरवायचे. शाल पंख्याखाली आखडून बसलेल्या एखाद्या बाईंच्या खांद्यावर जायची. बोलण्यात कधी पुस्तकी मराठी, कधी अहिराणी. मला कामापुरतं 'मॅडम, तुम्ही' म्हणायचे. मनातलं काही असलं की 'ताई, तू'. त्यामुळे ते फोनवर 'ताई' म्हणाले की मी खुर्ची पुढे ओढून बसायची.

सोयरीक कोणाची कोणाशी लावायची, हे ठरवायचं काम पहिल्या वर्षी माझ्याकडे आलं. मी नकाशा घेतला, अंतरं काढली, जवळजवळच्या कॉलेजांच्या जोड्या लावल्या आणि सुबक तक्ता करून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला. मग घडी करून खिशात ठेवला.

"तक्ता चांगला झालाय. पण शेजारशेजारची कॉलेजं आधीच भांडतात, विद्यार्थी पळवण्यावरून. त्यांची कशाला गाठ मारता? आणि दोघांच्या गावात केळी, दोघांच्या गावात कापूस. एकमेकांना नवीन काय सांगतील?"

त्यांनी लांबलांबच्या जोड्या लावल्या. केळीच्या गावांतलं कॉलेज ऊसतोडीला जाणाऱ्या गावांतल्या कॉलेजाशी. पहूरकडचं कॉलेज देवपूरशी. नियमही त्यांचेच. वर्षातून एकदा सोयऱ्यांकडे जायचं. गेल्यावर कॉलेज पाहायचं नाही, ते ज्या गावात काम करतात तिथल्या ग्रामसभेत मागच्या रांगेत बसायचं, बोलायचं नाही. जेवण गावात. आणि अडचण आली की विद्यापीठाला पत्र नाही. आधी सोयऱ्याला फोन.

शेवटच्या नियमाला मी हरकत घेतली. "आबा, मग नोंद कशी राहणार?"

"नोंद तुम्ही ठेवा ना. पण नोंदीसाठी फोन थांबवू नका."

चौधरी सरांना ही सोयरीक फारच मानवली. ते केळीवाल्यांच्या घरातले, आवाज मोठा, आणि धुळे-जळगाव हे भांडण त्यांना जेवणाइतकं आवडायचं. एकदा भर बैठकीत ते म्हणाले, "आबा, तुमचे धुळ्याचे पाव्हणे दोनदा आमचं भरीत खाऊन गेले. आमाले मात्र बलावणं नाही. ही कोणती सोयरीक म्हणायची?"

"या ना चौधरी. शेवभाजी तयार शे. फक्त तिखट लागनी ते आमना नाव सांगू नका."

"तिखट? धुळ्याचं तिखट जळगावात लहान पोरं चाटतात!"

देवरे मॅडम तेव्हा साक्रीकडच्या कॉलेजात नव्या लागल्या होत्या. त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "इथं काम कधी सुरू होतं?" मी म्हटलं, "हेच चाललंय बहुतेक." मलाही ते तेव्हा नुकतंच कळायला लागलं होतं. कारण त्याच आठवड्यात चौधरी सरांच्या विद्यार्थ्यांना एका गावात ग्रामसभेचं इतिवृत्त कोणी दाखवेना, तेव्हा त्यांनी देवपूरला फोन केला होता आणि अर्ज कोणत्या शब्दांत लिहायचा हे देवपूरच्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीनं त्यांना सांगितलं होतं. माझ्या विभागाला हे महिनाभरानं कळलं.

आबांची दुसरी पद्धत प्राचार्यांना मुळीच आवडत नसे. कॉलेजं गावात सात दिवसांचं शिबिर घेतात, खड्डे खणतात, झाडं लावतात, समारोपाला पाहुणे बोलावतात आणि परत येतात. आबा म्हणाले, शिबिर झाल्यावर दोन महिन्यांनी गावानं कॉलेजात यायचं. पंधरा-वीस माणसं, निम्म्या बायका. त्यांना प्राचार्यांच्या दालनात बसवायचं, चहा द्यायचा आणि आपण ऐकायचं.

देवपूरला अशा पहिल्या भेटीला मी होते. प्राचार्य अवघडून स्वतःच्याच दालनात स्टुलावर बसले होते. गावच्या एका म्हाताऱ्या नानांनी चहा संपवला, कप खाली ठेवला.

"साहेब, तुमना पोरं चांगला शेतस. झाडं लाई गयात. फोटो काढी गयात. पन पानी कोन टाकी?"

नाना आबांकडे वळले. "तुम्ही तरी सांगा."

आबा शांतपणे म्हणाले, "नाना, आम्हाला सुचलंच नाही."

नाना इतके खूश झाले की त्यांनी दुसरा चहा मागितला. बाहेर आल्यावर प्राचार्य चिडले होते. "कॉलेजची अब्रू घालवलीत आबा." आबा म्हणाले, "उलट सर. पुढच्या वर्षी या गावाचं दार आपल्याला उघडं राहील." तसं ते राहिलं. झाडांना पाणी मात्र नानांच्या सुनेनंच घातलं, हेही लिहून ठेवते.

आता भुराबाईंचं.

साक्रीकडे, देवरे मॅडमच्या कॉलेजनं धरलेली एक वस्ती आहे. दिवाळी झाली की तिथली बहुतेक घरं मुकादमाबरोबर गुजरातेत ऊसतोडीला जातात, होळीला परत येतात. भुराबाई तिथल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, आवाज खणखणीत. शिबिरातल्या पोरींनी त्यांना ग्रामसभेत पहिल्यांदा उभं केलं आणि नंतर त्यांना बसवणं अवघड झालं. वस्तीचा हातपंप त्यांनी तीन ग्रामसभा लावून धरून दुरुस्त करून घेतला. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत वस्तीच्या वॉर्डात एक जागा बायकांसाठी राखीव झाली, तेव्हा त्यांचं नाव सगळ्यांच्या तोंडी आलं. वस्तीतलं कोणी आजवर पंचायतीत बसलं नव्हतं. "मी हुभी राहसू," त्या देवरे मॅडमना म्हणाल्या. मॅडमनी लगेच सोयऱ्यांना फोन केला आणि ती बातमी माझ्याकडे येईपर्यंत पहूरलाही पोचली होती.

त्याच वर्षी मतदार याद्या तपासायला विद्यार्थी घरोघर फिरणार होते. त्यासाठीचा तक्ता मी केला. जुन्या तक्त्यात चार रकाने होते: हजर, कुलूप, मयत, स्थलांतरित. पानात चार बसत नव्हते, अक्षर बारीक होत होतं. 'कुलूप' म्हणजे काही माहिती नाही, मग तो रकाना कशाला, असा विचार करून मी तो काढला. तीन रकान्यांचा तक्ता फार नीट दिसत होता. सगळ्या कॉलेजांना गेला.

विद्यार्थी वस्तीवर गेले ते दिवाळीनंतर. दारोदार कुलपं. तक्त्यात कुलपाला जागा नाही. मुलांनी आपापसात ठरवलं आणि सगळ्या बंद घरांपुढे 'स्थलांतरित'वर खूण केली. तो तक्ता गावातल्या यादीचं काम पाहणाऱ्या गुरुजींकडे गेला. त्यांनी त्यावर विश्वास ठेवून नावं वगळायचे कागद भरले, सही केली. नोटिसा बंद दारांना चिकटल्या. वाचायला घरी कोण होतं? नवी यादी आली तेव्हा जवळजवळ सगळी वस्ती तिच्यातून गायब होती. भुराबाईही.

देवरे मॅडमचा फोन आला तेव्हा मला आधी काही कळलंच नाही. मग मी माझा तक्ता काढून पाहिला आणि कळलं. मी आबांना फोन लावला. ते "येतो" एवढंच म्हणाले आणि दुपारच्या एसटीनं जळगावला आले. माझ्या टेबलासमोर बसून त्यांनी तक्ता हातात घेतला. रागावतील म्हणून मी वाट पाहत होते.

"ताई," ते म्हणाले, "कायमना जास, तो कुलूप लावत नही. जो परत येनार शे, तोच लावस."

एवढंच. मग मोबाईल काढून कामाला लागले.

नावं परत घालायला नवे अर्ज हवे होते, माणसांच्या सह्या आणि फोटो हवे होते, आणि माणसं गुजरातेतल्या उसात विखुरलेली. मुदतीला नऊ दिवस. मी विद्यापीठातर्फे अधिकृत पत्राचा मसुदा लिहायला घेतला; सहीसाठी तो तीन टेबलांवरून जायचा होता. आबांनी देवरे मॅडमना विचारलं, मुकादम कोण? मुकादमाचा भाचा चौधरी सरांच्या कॉलेजात शिकलेला निघाला. त्याच्याकडून टोळ्यांच्या मुक्कामाची, पडावांची ठिकाणं कळली. सीमेकडच्या एका कॉलेजचे प्राध्यापक देवपूरचे जुने सोयरे. त्यांची गुजरातेतल्या एका कॉलेजशी ओळख. तिथले दोन शिक्षक मोटारसायकलवर अर्जांचा गठ्ठा घेऊन पडाव शोधत फिरले. त्यांना मराठी लिहिता येत नव्हतं, म्हणून देवरे मॅडमच्या विद्यार्थिनी फोनवरून एकेक अक्षर सांगत होत्या. चौधरी सर रोज सकाळी मला फोन करून विचारायचे, "मॅडम, तुमचं पत्र निघालं का हो?" आणि स्वतःच हसायचे.

पत्र निघालं त्या दिवशी अर्ज साक्रीला पोचले होते. वस्तीची नावं परत आली.

एक सोडून. शिक्षक पडावावर गेले त्याच्या आदल्या दिवशी मुकादमानं भुराबाईंना दुसऱ्या टोळीबरोबर पुढच्या फडावर पाठवलं होतं. त्या सापडल्या, सहीही झाली, पण मुदत संपून एक दिवस झाला होता. निवडणुकीच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. नाव नाही म्हणून उमेदवारी नाही. वस्तीतून दुसरं कोणी उभं राहायला तयार झालं नाही. ती जागा गावातल्या दुसऱ्या गल्लीत गेली, आणि अजून तिथंच आहे.

होळीनंतर वस्ती कॉलेजात आली. प्राचार्यांचं दालन, चहा, सगळं नेहमीसारखं. भुराबाईंनी कपाला हात लावला नाही.

"मी जित्ती शे. मन्हं घर आठेच शे. मंग मन्हं नाव कोनी काढं?"

त्यांच्यामागून कोणीतरी म्हणालं, "गुरुजीनी. कोनी तरी त्यास्ले सांगं व्हई." त्या उभ्या राहणार होत्या म्हणूनच गुरुजींनी नाव काढलं, अशी गावात पक्की समजूत झाली होती. गुरुजी एक शब्द बोलले नव्हते. सही त्यांची होती.

आबा उठले. "चूक आमची शे. आमना तक्ताच चुकना."

भुराबाईंनी मान हलवली. "आबा, तुम्ही मोठा मनना शेतस. दुसऱ्याना दोष आपला आंगवर लेतस." सगळे 'हो हो' म्हणाले. ज्या माणसानं नावं परत आणली, त्यानंच ती घालवली यावर कोण विश्वास ठेवणार? मी भिंतीशी बसून इतिवृत्त लिहीत होते. 'चूक कॉलेजांची असल्याचे आबांनी सांगितले', असं मी लिहिलं. रकाना कोणी काढला, ते लिहिलं नाही.

परतताना जिन्यात आबा माझ्यासाठी थांबले.

"ताई, मी सांगितलं तर ते माझा मोठेपणा धरतात. गुरुजी सांगतील तर बहाणा धरतील. तू वस्तीवर जा. दोन्ही तक्ते घेऊन जा, जुना आणि नवा. बोट ठेवून दाखव."

मी "जाते" म्हटलं.

पुढच्या वर्षी तक्त्यात कुलपाचा रकाना परत आला. त्याला जोडून आणखी एक: 'परत येण्याचा महिना'. तो सगळ्या कॉलेजांत चालू आहे, आणि त्याबद्दल विभागाचं कौतुकही झालं. गुरुजींनी बदली मागून घेतली. आबा निवृत्त झाले, तरी महिन्यातून एकदा यायचेच, आणि दर वेळी निघताना मला विचारायचे, "गेली होतीस का?" परीक्षा होत्या, तपासणी समिती होती, घरी आईचं दुखणं होतं, कारणं खरी होती. ते कधी दुसऱ्यांदा विचारायचे नाहीत. पुढच्या महिन्यात पुन्हा एकदाच.

शेवटचे दिसले ते डिसेंबरात, जळगावच्या बसस्टँडवर. मेहरूणला माझ्या घरी जाताना मी त्यांना सोडायला थांबले होते. धुळ्याची गाडी लागली. गर्दीतून चढून त्यांनी खिडकीजवळची जागा धरली, मफलर कानांवर घेतला आणि काच सरकवायला गेले. काच अडकली होती. दोन्ही हातांनी ओढली, तरी हलेना. कंडक्टरनं घंटी मारली. तेव्हा त्यांनी काचेआडून माझ्याकडे पाहिलं आणि उजवा हात उलटा करून, बोटं पसरून, नुसतं विचारलं. मी मान डोलावून 'जाते, जाते' अशी खूण केली. त्यांना ती पटली की नाही, कळलं नाही. गाडी वळली, तेव्हा ते पुढच्या सीटवरच्या बाईंची पिशवी वर ठेवायला उठून उभे होते.

२२ फेब्रुवारीच्या बैठकीत कामं वाटली. सोयऱ्यांची नवी यादी देवरे मॅडमकडे. या वेळी तक्ता त्या करतील, मी फक्त वाचेन. देवपूरचे नवे प्राध्यापक पहूरला भरीत खायला आणि ग्रामसभेत मागे बसायला जाणार आहेत. विभागाच्या अंकासाठी आबांवर चार पानं लिहायचं काम चौधरी सरांनी माझ्याकडे दिलं, ते हे. अंक एप्रिलात छापायला जातो आणि तो वस्तीवरही वाचला जातो. पोरी मोठ्यानं वाचून दाखवतात.

म्हणजे त्याआधी मला जायला हवं. वस्ती होळीला परत येते, होळीला तीन आठवडे आहेत. साक्रीची सकाळची गाडी पाहून ठेवली आहे, दोन्ही तक्ते पिशवीत घातले आहेत. गुरुजींच्या नव्या शाळेचा पत्ता देवरे मॅडमकडून घेतला आहे, त्यांच्याकडे नंतर.

भुराबाईंना सांगायचं अजून राहिलं आहे.